हरवलेला कर्ता : मराठी शाळेतील ‘पॅसिव्ह व्हॉइस’चा इतिहास

मराठी माध्यमातून शिकलेल्या कोणालाही ‘चेंज द व्हॉइस’ हे तीन शब्द ऐकवले, की कृती आपोआप आठवते. कर्म उचलून वाक्याच्या आरंभी आणायचे, ‘टू बी’चे काळानुसार रूप लावायचे, मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप घालायचे आणि शेवटी ‘बाय’ लिहून कर्त्याला मागे नेऊन बसवायचे. ‘राम इट्स अ मँगो’चे ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ झाले, की गुण मिळाला. आंबा तोच, राम तोच, खाणेही तेच. मग बदलले काय, हा प्रश्न वर्गात सहसा कोणी विचारत नसे, कारण परीक्षेत तो नव्हता.

तो प्रश्न विचारला तर मात्र आपण फार मागे जाऊन पोचतो. गेली बरीच वर्षे मी जुनी शालेय व्याकरणे जमवून वाचतो आहे. त्या वाचनातून माझ्यापुरते असे दिसले, की ‘पॅसिव्ह व्हॉइस’चा धडा हा तीन व्याकरणपरंपरांच्या तिठ्यावर उभा आहे. एक लॅटिनची, एक संस्कृतची आणि तिसरी, जिचे पुस्तक फार उशिरा झाले ती बोलत्या मराठीची. या तिघींचे एकमेकींशी कधी नीट बोलणे झाले नाही. त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याने परीक्षेत भरला आणि पुढे नागरिकाने कचेरीच्या खिडकीशी भरला.

आधी शब्द पाहू. ‘पॅसिव्ह’ हा शब्द लॅटिनमधील ‘सोसणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. रुग्णाला इंग्रजीत ‘पेशंट’ म्हणतात तो शब्दही त्याच कुळातला. म्हणजे पाश्चात्त्य कल्पनेत क्रिया करणारा एक आणि ती सोसणारा दुसरा. लॅटिनमध्ये या दोन्हींसाठी क्रियापदाची वेगवेगळी रूपे होती. प्रत्यय बदलला की अर्थ फिरला. इंग्रजीत तसा प्रत्यय नाही. तिथे ‘टू बी’ आणि धातुसाधित जोडून काम भागवावे लागते. तरीही अठराव्या शतकातील इंग्रज व्याकरणकारांनी लॅटिनचा साचा आपल्या भाषेवर बसवला. रॉबर्ट लोथ यांचे व्याकरण १७६२चे, लिंडली मरे यांचे १७९५चे. दोघांनीही क्रियापदांचे सकर्तृक, सोसणारे आणि तटस्थ असे तीन वर्ग केले. मरे यांनी उदाहरणासाठी ग्रीक महाकाव्यातील पेनेलोपीचे नाव घेतले : आधी तिच्यावर कोणी प्रेम करतो, मग तेच प्रेम तिच्यावर केले जाते. मरे यांचे पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी शिकणाऱ्या जगभर पसरले.

पाणिनीची मांडणी वेगळी. तिथे सोसण्याचा प्रश्न नाही. क्रियापदाच्या प्रत्ययाने कोण सांगितला जातो, एवढाच प्रश्न आहे. प्रत्ययाने कर्ता सांगितला तर कर्तरी, कर्म सांगितले तर कर्मणि, आणि दोन्ही न सांगता नुसता क्रियेचा भाव सांगितला तर भावे. प्रत्ययाने जो सांगितला तो प्रथमेत राहतो. कर्ता प्रत्ययाने सांगितला नसेल तर तो तृतीयेत जातो. ‘कर्मणि’ आणि ‘भावे’ ही मुळात सप्तमीची रूपे आहेत : ‘कर्माच्या ठिकाणी’, ‘भावाच्या ठिकाणी’. ही हिशेबाची भाषा आहे. त्यात कोणाला बिचारा म्हटलेले नाही. शिवाय ‘भावे’ला इंग्रजीत जोडच नाही.

मराठीचे पहिले छापील इंग्रजी व्याकरण विल्यम केरी यांचे. ते १८०५ साली श्रीरामपूरला निघाले. मराठीत लिहिलेले, शाळांत मुरलेले व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे, १८३६चे. इंग्रजी व्याकरणाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून आणि संस्कृतच्या संज्ञा हाती धरून त्यांनी मराठीची घडी बसवली. काम अफाट होते, आणि त्यामुळेच त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हटले गेले. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’तील निबंधांतून दादोबांच्या मांडणीची चिकित्सा केली. कृष्णशास्त्री गोडबोल्यांचे ‘नवीन व्याकरण’ १८६७ साली आले. आगरकरांनी १८८८मध्ये ‘वाक्यमीमांसा’ लिहून वाक्यपृथक्करणाची इंग्रजी पद्धत मराठीला लावून पाहिली. या साऱ्यांचा साकल्याने विचार मोरो केशव दामल्यांनी १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त केला. पाऊणशे वर्षांच्या या वादात प्रयोगाचे प्रकरण सर्वांत कटकटीचे ठरले, याचे कारण मराठीच्या स्वभावात आहे.

‘राम आंबा खातो’ हे कर्तरी. ‘राम’च्या जागी ‘सीता’ आली की ‘खाते’ होते. पण भूतकाळात ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’. क्रियापद आता रामाकडे पाहतच नाही, ते आंब्याकडे आणि पोळीकडे पाहते. राम तृतीयेत गेला. पाणिनीच्या हिशेबाने हा निखळ कर्मणि प्रयोग. आणि ‘रामाने रावणाला मारले’ म्हटले, की क्रियापद राम-रावण दोघांकडेही पाठ फिरवून नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते : भावे प्रयोग. पण मराठी माणसाच्या मनात या दोन्ही वाक्यांत करणारा रामच असतो, तोच वाक्याचा धनी असतो. ‘रामाने आपला आंबा सीतेला दिला’ म्हटल्यावर ‘आपला’ म्हणजे रामाचा, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. प्रत्यय कर्मणि आणि मन कर्तरी, अशी ही रचना आहे. त्यातही ‘तू पोळी खाल्लीस’ पाहा : ‘खाल्ली’ हे पोळीसाठी आणि शेवटचा ‘स’ तुझ्यासाठी. एकाच क्रियापदाने दोघांचा मान राखला. व्याकरणकारांनी त्याला संकर म्हटले.

आता याच मुलाला पुढच्या तासाला इंग्रजीच्या शिक्षकांनी सांगितले, की ‘राम एट अ मँगो’ हे ‘ॲक्टिव्ह’, आणि ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे कर्तरी. मागच्या तासाला ‘रामाने आंबा खाल्ला’ कर्मणि होते. तोच अर्थ, तोच काळ, आणि दोन तासांत दोन नावे. ‘व्हॉइस’ म्हणजे ‘प्रयोग’ हा शब्दकोशी तोडगा सोयीचा होता, पण दोन वेगळ्या मापांना एकच नाव दिल्याने मुलांच्या डोक्यात जी गाठ पडली, ती मॅट्रिकपर्यंत सुटली नाही. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही’ असे म्हणणाऱ्या कित्येकांना प्रत्यक्षात मराठी फार चांगले येत होते. अडचण तीच होती.

भाषांतराची गरज पडली तेव्हा या गाठीवर आणखी एक पीळ बसला. ‘रावण वॉज किल्ड बाय राम’ याचे मराठी काय करायचे? ‘रामाने रावणाला मारले’ म्हणावे, तर ते ‘ॲक्टिव्ह’चेच भाषांतर झाले. म्हणून ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे वाक्य घडले. आपल्या व्याकरणांनी त्याला ‘नवीन कर्मणि’ किंवा ‘कर्मकर्तरी’ अशी नावे देऊन दप्तरी नोंद केली आणि ही रचना इंग्रजीच्या वळणाची आहे, हेही नमूद केले. ‘लढाईत मारला गेला’ हे मराठीला परके नाही. परका आहे तो ‘कडून’. रामायण सांगणाऱ्या कोणत्याही आजीने रावणाला ‘रामाकडून’ मारवले नसेल.

कारण ‘कडून’ला मराठीत स्वतःचे काम आधीपासून होते. ‘माझ्याकडून कप फुटला’ म्हणजे फोडायचा नव्हता, पण फुटला. ‘त्याच्याकडून चूक झाली’ यात सौम्यपणा आहे, हेतू वगळलेला आहे. ‘गड्याकडून विहीर उपसून घेतली’ यात ‘कडून’ म्हणजे मध्यस्थ. ‘बाय म्हणजे कडून’ हे समीकरण पाठ झाले तेव्हा या छटांवर बोळा फिरला. तसेच शक्यतेच्या कर्मणि-भावे रचनांचे. ‘आईच्याने आता चालवत नाही’, ‘मला हे बघवत नाही’ : यात कर्ता आहे, इच्छा आहे, पण शरीर किंवा मन साथ देत नाही. मराठीने या प्रयोगातून असहायता सांगितली. इंग्रजी ‘पॅसिव्ह’च्या कोष्टकात तिला घर नाही, त्यामुळे शाळेच्या तुलनेत ती कधी आलीच नाही.

आणखी एक गंमत अशी, की अस्सल जुना कर्मणि प्रयोग मराठी मूल बोलायला लागल्यापासून वापरत असते. संस्कृतमधील कर्मणि ‘य’ प्राकृतात ‘इज्ज’ झाला आणि मराठीत ‘इजे’. ‘कीजे’, ‘बोलिजे’ ही रूपे पोथ्यांत राहिली. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘जाणिजे’ येई. बोलीतून ती गेली, पण दोन रूपे मागे उरली. एक ‘पाहिजे’ आणि दुसरे ‘म्हणजे’. ‘मला चहा पाहिजे’ याचा मूळ घाट ‘चहा पाहिला जातो’, शोधला जातो, असा आहे. ‘म्हणजे’ म्हणजे ‘म्हटले जाते’. या लेखात मी तो किती वेळा वापरला ते मोजायला हरकत नाही. ‘पॅसिव्ह’ला घाबरणारा प्रत्येक विद्यार्थी दिवसातून पन्नासदा कर्मणि बोलत होता.

आता इंग्रजीच्या बाजूने पाहू. ज्या कोष्टकाची घोकंपट्टी आपण ईश्वरी आज्ञेसारखी केली, ते तिकडेही घडत-मोडतच होते. ‘घर बांधले जात आहे’ यासाठी जुनी इंग्रजी रचना ‘द हाउस इज बिल्डिंग’ अशी होती. ‘इज बीइंग बिल्ट’ हे वळण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागले आणि एकोणिसाव्या शतकात त्यावर कडाडून टीका झाली. मरे यांच्या क्रियापदांच्या तक्त्यांत त्याला जागा नाही. रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन लेखकाने १८७० साली आपल्या पुस्तकात सबंध एक प्रकरण त्याच्या निषेधासाठी खर्च केले. दादोबांनी व्याकरण लिहिले तेव्हा जे रूप इंग्रजांच्या घरी वादाचे होते, ते शंभर वर्षांनी आपल्या घरी ‘प्रेझेंट कंटिन्युअसचे पॅसिव्ह’ म्हणून छडीच्या धाकाने पाठ करवले गेले. भाषा बदलते, ही साधी गोष्ट मुलांना सांगितली असती, तर भीती अर्धी झाली असती.

भारतीय शाळांसाठी हे कोष्टक पक्के केले ते दोन पुस्तकांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली नेसफिल्ड यांची व्याकरणमाला, आणि १९३०च्या दशकात आलेले रेन आणि मार्टिन. यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. तिथल्या हायस्कुलाचे ते मुख्याध्यापक होते. जगाला मात्र ते १९२४च्या ‘ब्यू जेस्ट’ या फ्रेंच परदेशी पलटणीच्या साहसकादंबरीचे लेखक म्हणून ठाऊक आहेत. वाळवंटातल्या वेढ्याची चित्तथरारक कथा लिहिणारा हा माणूस आपल्याकडे घरोघर पोचला तो व्याकरणाच्या सरावासाठी.

या सरावाचा गुण नाकारता येत नाही. क्रियापदाची तिन्ही रूपे, काळांची जोडणी, सर्वनामांचे बदल, सगळे एका फटक्यात घोटून निघत असे. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी याच शिस्तीतून कारकुनी, वकिली, पत्रकारिता गाठली. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते. राज्यात पहिलीपासून ते २०००मध्ये आले. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत जे हाती लागले, त्यातला मोठा भाग या कवायतीने दिला. पण कवायतीत वाक्येही कवायतीचीच तयार होत. ‘ओपन द डोअर’चे ‘लेट द डोअर बी ओपन्ड’ करायचे. दार उघडायला असे कोणी सांगत नाही, लंडनमध्येही नाही.

त्याहून मोठी उणीव दुसरीच होती. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक मोजणी नोंदवून ठेवली आहे. त्यांच्या शिष्यांनी निरनिराळ्या इंग्रजी लेखकांची ‘पॅसिव्ह’ वाक्ये तपासली. त्यांतल्या ७० ते ९४ टक्के वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नव्हता. म्हणजे ‘बाय’ नव्हताच. खऱ्या इंग्रजीत ही रचना वापरतात ती कर्ता ठाऊक नसतो म्हणून, सांगण्याची गरज नसते म्हणून, किंवा सांगायचा नसतो म्हणून. शाळेत मात्र प्रत्येक वाक्यात ‘बाय राम’ हजर. कर्ता पुढून मागे गेला एवढेच शिकवले. तो कधी आणि का गाळतात, हे शिकवले नाही. ‘पॅसिव्ह’ची रीत वर्गात कळली, तिचा उपयोग कचेरीने शिकवला.

जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात, कर्तरी रचना शक्य असताना ‘पॅसिव्ह’ वापरू नये असा नियमच घातला, तो राजकारणाची भाषा पाहून. मराठीत हे वळण इंग्रजांनीच आणले असे मात्र मी म्हणणार नाही. पेशवाईतील पत्रांतही हुकूम ‘करणें’, ‘पाठविणें’ असा कर्ता न सांगताच येतो. आजही देवळाबाहेर ‘येथे चपला काढाव्यात’ आणि भिंतीवर ‘जाहिराती लावू नयेत’ असे लिहितो, तेव्हा आपण ती जुनीच रीत चालवतो. फरक इतका, की जुन्या पत्राच्या मायन्यात कोणी कोणास लिहिले ते असे. क्रियापदात नसलेला कर्ता वर सापडत असे. आजच्या शासकीय मराठीचे ठरलेले क्रियापद आहे ‘-ण्यात येत आहे’. कळविण्यात येते, मान्यता देण्यात येत आहे, नामंजूर करण्यात आले आहे. शासन निर्णयाखाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे येते, त्याला घटनेच्या अनुच्छेद १६६चा आधार आहे; तिथे ती गरजच आहे. गावच्या कचेरीतून घरी येणाऱ्या पत्राला तसा आधार नसतो, पण भाषा तीच असते.

शेजारपाजारचे लोक अशी पत्रे माझ्याकडे वाचून घ्यायला आणतात. एका वृद्ध बाईंचे नाव अनुदानाच्या यादीतून कमी झाले होते. पत्रात एकच ओळ होती : ‘आपले नाव यादीतून वगळण्यात आले आहे.’ मी वाचली. त्यांनी विचारले, “दादा, कुणी वगळलं?” पत्र पुन्हा वाचले, उलटून पाहिले. सही होती, ती वाचता येत नव्हती. शिक्का होता, तो पुसट होता. त्यांना शाळा मिळाली नव्हती. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न व्याकरणाचा होता आणि अचूक होता. ज्याला कर्ता सापडत नाही, त्याने अर्ज कोणाकडे करायचा? वाद कोणाशी घालायचा? माफी किंवा दुरुस्ती कोणाकडून मागायची? मराठी माणूस त्या वाक्याला समजून घेऊ शकतो, पण त्याला उत्तर देऊ शकत नाही.

चांगल्या मराठीत याला पर्याय आहेत. २०२४पर्यंत लागू असलेल्या दंड संहितेच्या इंग्रजीत जागोजागी ‘शॅल बी पनिश्ड’ होते. मराठी पाठात ‘शिक्षा केली जाईल’ असे न घेता ‘शिक्षा होईल’ असे घेतले. ‘होणे’ या आपल्या साध्या क्रियापदाने परका साचा टाळला. जिथे कर्ता महत्त्वाचा, तिथे ‘तहसीलदारांनी आपले नाव वगळले’ हे वाक्य मराठीत तीन-चार शब्दांत बसते. ते कर्मणि की भावे हे परीक्षेपुरते ठरवू. पण त्यात माणूस दिसतो.

भाषेने न केलेले काम अलीकडे कायद्याने हाती घेतले. माहिती अधिकार अधिनियम, २००५मध्ये निर्णयाने बाधित होणाऱ्याला कारणे कळवण्याचे बंधन आहे; माहिती नाकारली तर कारण, अपिलाची मुदत आणि अपील प्राधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ने प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी ठरवला. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर या कलमांनी गाळलेला ‘बाय’ पुन्हा लिहायला लावला. त्या बाईंचा अर्ज आम्ही याच वाटेने केला. नाव कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने वगळले, ते लेखी आले. कारण चुकीच्या जन्मतारखेचे होते. दुरुस्तीला पाच महिने लागले. पण दाद मागायला एक दार तरी दिसले.

म्हणून ‘पॅसिव्ह’चा धडा अभ्यासक्रमातून काढावा, असे मला अजिबात वाटत नाही. तो अधिक नीट शिकवावा. ‘बदला’ या आज्ञेच्या जोडीला एक प्रश्न द्यावा : या वाक्यात कर्ता का नाही? ठाऊक नाही म्हणून, गरज नाही म्हणून, की लपवायचा आहे म्हणून? उदाहरणाला पेनेलोपी आणि आंबा आहेतच, एखादी नोटीसही ठेवावी. दहावीच्या मुलाला तिच्यातला कर्ता शोधता आला, तर त्याला इंग्रजीचे आणि नागरिकशास्त्राचे गुण एकाच उत्तरात मिळायला हरकत नाही.